लक्ष्य, अंतर आणि नेम : पारंपरिक धनुष्याचा एक अभ्यास

‘नेम’ हा आपल्या मराठीतील अर्थसंपन्न शब्द आहे. लक्ष्यावर रोखलेल्या दृष्टीला आपण नेम म्हणतो आणि न चुकता पाळलेल्या नियमालाही नेमच म्हणतो. ‘नेम धरला’ आणि ‘नेमाने केले’ हे दोन्ही प्रयोग आपल्या घरांत सहज ऐकू येतात. धनुर्विद्येच्या अभ्यासात हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे आमचे मत आहे. ज्याचा सराव नेमाने चालतो, त्याचाच नेम लागतो.

समाजातील समजूत मात्र पुष्कळदा याच्या उलट असते. ‘नेम उपजतच असावा लागतो’, ‘तिरंदाजी त्यांच्या रक्तातच आहे’, अशी वाक्ये आपण ऐकतो आणि कित्येकदा ती कौतुकाने उच्चारलेली असतात. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे वाटते. जे कौशल्य जन्मावर अवलंबून असते, ते शिकविता येत नाही. आणि जे शिकविता येत नाही, ते ज्यांच्या हाती आहे त्यांच्याच हाती पिढ्यान्‌पिढ्या राहते. निवासी विद्यालयात दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून या लेखात प्रथम, वेगवेगळ्या अंतरांवर नेम प्रत्यक्षात कसा धरावा हे पाहू आणि त्यानंतर ही विद्या कोणाची, या प्रश्नाकडे वळू.

तीरकामठ्याची ओळख

सातपुड्यातील भिल्ल, पालघरकडील वारली अशा अनेक आदिवासी समाजांनी धनुष्यबाण आजवर जपला. मराठीत त्याला ‘तीरकामठा’ असा जुना शब्द आहे. कामठा म्हणजे बांबूचे धनुष्य व तीर म्हणजे बाण. पिकलेला बांबू चिरून त्याची कांब तासतात. ती मध्यावर भरीव व दोन्ही टोकांकडे निमुळती ठेवतात आणि टोकांना दोरीसाठी खाचा पाडतात. दोरी सुताची, तागाची, तर काही भागांत बांबूच्याच सालीची असते. बाणाची काडी हलकी व सरळ हवी. तिच्या मागील टोकाला दोरीत बसणारी खाच, खाचेपुढे पिसे आणि पुढील टोकाला पाते असते. सरावासाठी मात्र बोथट टोकाचे बाण वापरावेत.

आज ऑलिंपिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यावर नेम धरण्यासाठी दर्शक बसविलेला असतो. कंपाउंड धनुष्याला तर चाके असतात आणि दर्शकात भिंगही असते. तीरकामठ्यावर यांपैकी काहीच नसते. अंतर वाचायचे ते डोळ्याने, आणि ते साधायचे ते हाताने व चेहऱ्यावरील एका ठरावीक जागेने. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत बांबूच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार राहिला असून त्याची रूढ अंतरे ५० मीटर व ३० मीटर अशी आहेत. म्हणजे एकाच साधनाने दोन निरनिराळ्या अंतरांवर वेध घ्यावा लागतो. आपल्या अभ्यासाचा विषय नेमका हाच आहे.

बाण खाली का येतो

पाहणाऱ्याला बाण सरळ रेषेत गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात दोरी सुटल्या क्षणापासून तो पुढे जातो आणि त्याच वेळी खालीही येत असतो. फेकलेल्या वस्तूचा मार्ग वक्र असतो व त्या वक्रतेला गणिती नियम आहे, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. धनुर्धराला याची जाणीव अनुभवाने त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना हा हिशेब गुंठ्याच्या भाषेत लवकर समजतो. चौरस गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे जवळजवळ १० मीटर. तेव्हा एका गुंठ्याच्या बाजूइतके अंतर १० मीटर, तीन बाजूंचे ३० मीटर आणि पाच बाजूंचे ५० मीटर धरावे. समजा, आपल्या कामठ्यातून सुटलेला बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने जातो. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर १० मीटर जाण्यास त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. २० मीटरवर ही घट सुमारे ७८ सेंटिमीटर, ३० मीटरवर सुमारे १ मीटर ७६ सेंटिमीटर, ४० मीटरवर सुमारे ३ मीटर १४ सेंटिमीटर आणि ५० मीटरवर सुमारे ४ मीटर ९० सेंटिमीटर होते.

या आकड्यांतून एक नियम स्पष्ट होतो. अंतर दुप्पट झाले की घट दुप्पट न होता चौपट होते. पहिल्या गुंठ्यात वीतभर पडणारा बाण पाचव्या गुंठ्याच्या टोकाशी तीन माणसे एकावर एक उभी केल्याइतका खाली येतो. जवळच्या लक्ष्यावर सहज यशस्वी होणारा मुलगा लांबच्या लक्ष्यापुढे गोंधळतो, त्याचे कारण येथे आहे. त्याचा हात बिघडलेला नसतो. अंतराचा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो.

काय बदलू नये

अंतर बदलले की नवशिका धनुर्धर सर्वच गोष्टी बदलू लागतो. जवळच्या लक्ष्यासाठी दोरी अर्धीच ओढतो, लांबच्या लक्ष्यासाठी जोर लावून कानामागे नेतो. असे केले की प्रत्येक बाणाचा वेग निराळा होतो आणि वर दिलेला कोणताही हिशेब लागू पडत नाही. म्हणून पहिला नियम असा : जवळ असो वा लांब, दोरीची ओढ सदैव सारखीच असावी.

ओढ सारखी राहावी यासाठी चेहऱ्यावर एक कायमची जागा ठरवावी लागते. ओढणाऱ्या हाताची तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकली की ओढ पूर्ण झाली, असे बहुतेक शिक्षक सांगतात. कोणी हनुवटीखाली, कोणी गालफडाच्या हाडाशी टेकवतात. ‘वासिष्ठ धनुर्वेद’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्कृत ग्रंथातही ओढीचे असेच प्रकार सांगितले आहेत. दोरी केसांशी, कानाशी, मानेशी की खांद्याशी आणावी, यावरून त्यांची नावे पडली आहेत. जागा कोणती, याला फारसे महत्त्व नाही. ती प्रत्येक वेळी तीच असणे महत्त्वाचे आहे. या जागेला आम्ही ‘मुक्काम’ म्हणतो. मुक्काम दोन बोटे हलला, तर लांबच्या लक्ष्यावर बाण हात-दोन हात चुकतो.

मुक्कामाबरोबर आणखी काही गोष्टी स्थिर ठेवाव्या लागतात. लक्ष्याकडे डावा खांदा करून, पावलांत खांद्याइतके अंतर ठेवून उभे राहावे (डावऱ्यांनी याच्या उलट). कामठा मुठीत आवळू नये, तो तळहाताच्या मांसल भागावर टेकलेला असावा. दोरीवर बाणाची खाच जेथे बसते तेथे दोऱ्याची एक गाठ बांधावी, म्हणजे बाण दर वेळी एकाच ठिकाणी बसतो. दंडाच्या जोरापेक्षा पाठीच्या स्नायूंनी ओढावे. दोरी सोडताना बोटे झटकू नयेत, ती सैल करावीत. आणि बाण लक्ष्याला लागेपर्यंत कामठ्याचा हात खाली आणू नये. इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम या शिक्षकाने १५४५ साली धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला. त्यातही उभे राहणे, बाण लावणे, ओढणे, थांबणे व सोडणे अशा पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. देश व काळ निराळे असूनही शिक्षकांचे निष्कर्ष इतके जवळ यावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता बदलावयाची गोष्ट एकच उरते : बाणाचा चढ, म्हणजे त्याचे टोक किती वर उचलावे हे माप. हा चढही केवळ हात उचलून देऊ नये. हात एकटा वर गेला की खांदा उचलला जातो व ओढ कमी होते. दोन्ही हातांची रेषा तशीच ठेवून कमरेपासून वरचे शरीर किंचित मागे कलवावे. आपल्या उदाहरणातील बाणाला ३० मीटरसाठी सुमारे साडेतीन अंश व ५० मीटरसाठी सुमारे पावणेसहा अंश चढ पुरतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरू नये इतका हा फरक लहान आहे.

टोक आणि लक्ष्य यांमधील अंतर

चढ किती दिला हे कोन मोजण्याच्या साधनाशिवाय कसे कळावे? येथे बाणाचे टोक आपल्या मदतीला येते. धनुर्धराची नजर लक्ष्यावर असते, पण त्याच वेळी बाणाचे टोकही त्याला अंधुक दिसत असते. ते टोक लक्ष्याच्या किती खाली किंवा किती वर दिसते, हेच त्याचे माप.

पूर्वीचेच उदाहरण पुढे नेऊ. बाणाची लांबी ७० सेंटिमीटर आहे आणि मुक्कामाच्या वेळी डोळा बाणाच्या मागील टोकापासून ७ सेंटिमीटर वर आहे, असे धरू. डोळ्यापासून बाणाच्या टोकावरून जाणारी दृष्टिरेषा सुरुवातीला बाणाच्या वर असते, टोकाशी ती बाणाला मिळते आणि तेथून पुढे बाणाच्या रेषेखाली जाऊ लागते. १० मीटरवर बाणाची सरळ रेषा दृष्टिरेषेच्या ९३ सेंटिमीटर वर असते. त्यातून बाणाची २० सेंटिमीटर घट वजा केली, तर टोक जेथे रोखले त्याच्या ७३ सेंटिमीटर वर बाण लागतो. म्हणून १० मीटरवरील लक्ष्यासाठी टोक लक्ष्याच्या ७३ सेंटिमीटर खाली रोखावे लागते.

याच रीतीने हिशेब केला असता २० मीटरवर टोक सुमारे १ मीटर १५ सेंटिमीटर खाली, ३० मीटरवर सुमारे १ मीटर १७ सेंटिमीटर खाली आणि ४० मीटरवर सुमारे ७९ सेंटिमीटर खाली रोखावे लागते. ५० मीटरवर टोक व लक्ष्य जवळजवळ एकत्र येतात. त्यापुढे, ६० मीटरवर, टोक लक्ष्याच्या सुमारे १ मीटर १३ सेंटिमीटर वर न्यावे लागते.

या आकड्यांत दोन बोधप्रद गोष्टी आहेत. पहिली अशी की, जवळच्या लक्ष्यासाठी टोक खाली रोखावे लागते. ‘समोर दिसते तेथेच टोक लावावे’ असे मानणाऱ्या नवशिक्याचे बाण लक्ष्याच्या डोक्यावरून का जातात, ते यावरून कळते. दुसरी अशी की, २० व ३० मीटरच्या मापांत जवळजवळ फरकच नाही. टोक व लक्ष्य एकत्र येण्याचे जे अंतर असते, त्याच्या निम्म्याच्या आसपास हे माप सर्वांत मोठे असते आणि तेथे ते फार सावकाश बदलते. म्हणून वीस ते तीस मीटरच्या टप्प्यात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बाण फारसा चुकत नाही. चाळीस मीटरच्या पुढे मात्र अंदाजातील लहान चूकही महाग पडते.

हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत. प्रत्येक कामठ्याचा वेग निराळा, प्रत्येक बाणाचे वजन निराळे, प्रत्येकाचा डोळा व ओठ यांतील अंतर निराळे. हवेच्या विरोधाने प्रत्यक्षातील घट थोडी अधिकच असते. उन्हाने, दमट हवेने व सतत ताणून ठेवल्याने बांबूची ताकदही बदलते. म्हणून सराव संपताच दोरी उतरवून ठेवावी. तात्पर्य, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या कामठ्याची मापे आपल्या वहीत स्वतः नोंदवावीत. दुसऱ्याची वही येथे उपयोगी पडत नाही.

इतर पद्धती

टोकाचे माप पाहण्याची ही रीत सर्वांनाच लागते असे नाही. काही धनुर्धर टोकाकडे मुळीच लक्ष देत नाहीत. ते केवळ लक्ष्याच्या मध्यबिंदूकडे पाहतात आणि हात आपोआप योग्य उंचीवर जातो. दगड भिरकावणारा गुराखी जसा मोजमाप करीत नाही, तसेच हे. परंतु या ‘आपोआप’च्या मागे हजारो बाणांचा सराव असतो. वीस-पंचवीस मीटरपर्यंत ही रीत उत्तम चालते. त्यापुढे बहुतेकांना मापाचा आधार घ्यावा लागतो.

तिसरी रीत बोटांच्या जागेची आहे. सामान्यतः एक बोट बाणाच्या वर व दोन खाली ठेवून दोरी ओढतात. तिन्ही बोटे बाणाखाली घेतली तर बाण डोळ्याच्या जवळ येतो. वरच्या उदाहरणात ७ सेंटिमीटरच्या जागी ५ सेंटिमीटर झाले, तर टोक व लक्ष्य एकत्र येण्याचे अंतर ५० मीटरवरून सुमारे ३६ मीटरवर येते. जवळच्या लक्ष्यांसाठी ही रीत सोयीची आहे. मात्र एकाच सत्रात दोन रीती मिसळू नयेत. मग चूक कशामुळे झाली ते सांगता येत नाही.

अंतराचा अंदाज हाही सरावाचाच विषय आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या सपाट शिवारात मध्ये झाड, बांध, खांब अशी खूण नसली की डोळा फसतो. अशा वेळी लक्ष्य व आपण यांमधील मध्यबिंदू नजरेने ठरवावा, तेथपर्यंतचे अंतर अंदाजावे आणि त्याची दुप्पट करावी. नंतर पावलांनी मोजून आपला अंदाज पडताळावा. आठ दिवस हा नेम ठेवला तरी नजरेत फरक पडतो.

चुकलेला बाण वाचणे

इतिहासाचा अभ्यासक एका कागदावरून निष्कर्ष काढीत नाही. अनेक कागद शेजारी ठेवून त्यांत काय समान आहे ते तो पाहतो. धनुर्धरानेही एका बाणावरून नेम बदलू नये. एकाच मापाने सहा बाण सोडावेत आणि मग लक्ष्याजवळ जाऊन पाहावे. सहाही बाण एकत्र, पण लक्ष्याच्या खाली लागले असतील, तर हात स्थिर आहे आणि फक्त टोकाचे माप वर न्यावयाचे आहे. बाण वर-खाली विखुरले असतील, तर ओढ किंवा मुक्काम बदलतो आहे. मापाला हात लावू नये. बाण डावी-उजवीकडे विखुरले असतील, तर दोरी सोडण्याची रीत किंवा मुठीची पकड तपासावी. सर्वच एका बाजूला जात असतील, तर बाणाची काडी कामठ्याच्या मानाने फार ताठ किंवा फार लवचीक असण्याचा संभव असतो, कारण कामठ्याला वळसा घालून जाताना बाण वाकतो व पुन्हा सरळ होतो.

सुरक्षिततेचे नियम याहून आधीचे आहेत. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा. सोडण्याच्या रेषेपुढे कोणी असताना दोरीला बाण लावू नये. बाण आकाशाकडे सोडू नये. बाणाशिवाय ताणलेली दोरी सोडू नये, कामठा फुटतो. आणि आमच्या मते आपल्यासारख्या विद्यालयात लक्ष्य गवताचे किंवा मातीचेच असावे; कोणताही जीव या सरावाचे लक्ष्य होऊ नये.

ही विद्या कोणाची

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. ज्या ‘वासिष्ठ धनुर्वेदा’चा उल्लेख वर आला, त्यात तंत्राची माहिती पुष्कळ आहे. दोरी धरण्याच्या पाच मुष्टी त्यात आहेत. लक्ष्य ६० धनुष्यांवर असल्यास उत्तम, ४० वर मध्यम व २० वर कनिष्ठ, अशी अंतरांची प्रतवारीही आहे. मात्र त्याच ग्रंथात ब्राह्मणाला धनुष्य, क्षत्रियाला खड्ग, वैश्याला भाला आणि शूद्राला गदा द्यावी, असे शस्त्रांचे वर्णवार वाटपही आहे. हात किती स्थिर आहे, नजर किती सराईत आहे हे पाहण्याआधी जन्म पाहिला जातो. तंत्रदृष्ट्या या वाटपाला कोणताही आधार नाही. बाणाची घट सोडणाऱ्याच्या वर्णाप्रमाणे कमी-अधिक होत नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. निषादराज हिरण्यधनूच्या या मुलाला द्रोणाने शिष्य म्हणून स्वीकारले नाही. त्याने मातीची मूर्ती करून वनात एकट्याने सराव केला आणि पुढे गुरुदक्षिणा म्हणून त्याचा उजवा अंगठा मागण्यात आला. त्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे आदिपर्वातच नमूद आहे. या कथेकडे त्यागाची कथा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लावली गेली. अभ्यासकाच्या नजरेने वाचली, तर ती एक कबुली आहे. ज्याला जन्मामुळे दार बंद होते, त्यानेही नेमाने ती विद्या मिळविली, हे कथाकाराला मान्य करावे लागले. ती सरावाने मिळाली होती, म्हणूनच ती हिरावण्यासाठी हातावर घाव घालावा लागला.

अंगठ्याचा प्रश्न तंत्राच्या दृष्टीनेही पाहण्याजोगा आहे. अंगठ्याने दोरी ओढण्याची एक मोठी परंपरा आशियात होती. मुघलकालीन धनुर्धर त्यासाठी अंगठ्यात मौल्यवान दगडाची कडी घालीत. भिल्ल धनुर्धर मात्र तर्जनी व मध्यमा यांत बाण धरून अंगठ्याविना तो सोडतात, आणि लोकस्मृती या रीतीचा संबंध एकलव्याशी जोडते. आज ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य वापरणारा धनुर्धरही दोरी ओढताना अंगठा वापरीत नाही. तीन बोटांनीच तो ७० मीटरवरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्याचा वेध घेतो. त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे असते.

पाली साहित्यात या प्रश्नाची निराळी मांडणी आढळते. संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात ‘इस्सत्थ सुत्त’ आहे. ‘इस्सत्थ’ या पाली शब्दाचा अर्थच धनुर्विद्या. त्यात भगवान बुद्ध राजा प्रसेनजिताला विचारतात की, युद्ध तोंडावर आले असता एखादा अशिक्षित, सराव नसलेला, भित्रा क्षत्रिय तरुण आला, तर तू त्याला ठेवून घेशील काय? राजा नकार देतो. तसाच अशिक्षित ब्राह्मण, वैश्य, शूद्र आला तरी तो नकारच देतो. उलट शिकलेला, हात बसलेला, न डगमगणारा तरुण यांपैकी कोणत्याही वर्णातून आला, तरी राजा त्याला घेण्यास तयार होतो. त्या सुत्ताचा मूळ विषय दानाचा आहे, तरीही दृष्टान्तासाठी धनुष्य निवडले गेले हे लक्षणीय आहे. ज्या कौशल्याची परीक्षा सर्वांसमक्ष होते, तेथे जन्माचा दाखला निरुपयोगी ठरतो, हे राजालाही कबूल करावे लागते.

सरावाचा क्रमही पाली साहित्यात दिसतो. अंगुत्तरनिकायात धनुर्धराचा किंवा त्याच्या शिष्याचा दृष्टान्त आहे. तो प्रथम गवताच्या बाहुल्यावर किंवा मातीच्या ढिगावर सराव करतो आणि पुढे लांबवर मारा करणारा, झटकन वेध घेणारा व मोठी वस्तू भेदणारा होतो. वैशालीचे लिच्छवी तरुण दुरून लहानशा छिद्रातून एकामागून एक बाण अचूक पार करीत असल्याचे आनंदाने पाहिले, असा प्रसंग संयुत्तनिकायात आहे. मातीच्या ढिगापासून त्या छिद्रापर्यंतचा मार्ग सरावाचाच असतो.

‘रक्तात आहे’ या कौतुकाचेही आता परीक्षण करू. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागातील लिंबाराम बालपणी बांबूच्या धनुष्याने शिकार करीत. १९८७ साली शासकीय निवड चाचणीत ते पुढे आले, त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळाले आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटर अंतरावर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्यांनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्यांचे यश रक्तावर सोपविले की बालपणापासूनचा सराव व पुढील प्रशिक्षण दोन्ही पुसले जातात. जन्माने नाकारणे आणि जन्माने गौरविणे या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत, कारण दोहोंतही माणसाच्या श्रमाची नोंद होत नाही.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याकडे पाहिले तरी हेच दिसते. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या कुटुंबातून आला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता आणि २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच जिल्ह्यातील आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात जगज्जेती ठरली. या दोघांची साधने तीरकामठ्याहून फार निराळी आहेत. पण ओढ स्थिर ठेवून अंतराप्रमाणे चढ बदलण्याचा नियम तोच आहे. शाळा, साधने, शिक्षक व वेळ ज्यांना मिळाला, त्यांतून असे धनुर्धर घडले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यामागेही हीच जाण होती की, संधी मिळाल्याशिवाय कोणाची पात्रता कोणालाच कळत नाही.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी पुढील स्वाध्याय शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. पहिल्या आठवड्यात १० मीटरवर, मातीच्या बांधासमोर, लक्ष्य न लावता केवळ ओढ व मुक्काम यांचा सराव करावा. बाण कोठे लागला याकडे पाहू नये. दुसऱ्या आठवड्यात त्याच अंतरावर लक्ष्य लावून सहा-सहा बाण सोडावेत आणि सहाही बाण एका थाळीत मावतील इतके जवळ येईपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर २० मीटर, मग ३० मीटर असे एकेक गुंठ्याच्या बाजूने मागे सरकावे. प्रत्येक अंतरावर टोक कोठे रोखले आणि बाण कोठे लागले, हे दिनांकासह वहीत लिहावे. वारा, पाऊस व ऊन यांचीही नोंद ठेवावी. महिनाअखेरीस आपल्या नोंदी वरील हिशेबाशी ताडून पाहाव्यात आणि त्यांत फरक का पडला, याचे कारण चार ओळींत लिहावे.

वर्गातील प्रत्येकाची वही निराळी होईल. कोणाचे टोक व लक्ष्य ४० मीटरवर एकत्र येतील, कोणाचे ३० वर. त्या वह्या एकमेकांशेजारी ठेवून पाहाव्यात. कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, कोणत्या वस्तीतला, यांपैकी कशाचाही त्या आकड्यांत मागमूस सापडणार नाही. सापडेल ती केवळ हाताची लांबी, कामठ्याची ताकद आणि किती दिवस नेम पाळला याची खूण. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती अशा वह्या याव्यात आणि त्या भरत जाव्यात, ही आमची सदिच्छा.